खिलाडूवृत्ती

सगुणा पडली ती नेमकी कुणीतरी मारलेल्या गुटख्याच्या पिचकारीत. उजवं कोपर त्या ताज्या, लाल, चिकट ओलीत घसरलं आणि दोराने तिला तसंच फरफटत पुढे नेलं. भातकापणी होऊन महिने झाले होते, तरी शेतात धसकटं तशीच उभी होती. ती गुडघ्यात घुसली, तळहातांची साल निघाली. पण त्या क्षणी तिला कळलं ते एवढंच, की आपल्या हाताला कुणाची तरी थुंकी लागलीय.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कंपनीचा तो वर्धापन दिन होता. सगुणा तिथे पॅकिंगला होती. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरायच्या, खोकी मोठ्या बॉक्समध्ये, बॉक्सला पट्टी मारायची. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून सकाळी वडखळ नाक्यावर यायचं, तिथून कंपनीच्या बसने नागोठण्यावरून रोह्याला. दर वर्षी फेब्रुवारीत कंपनी खेळ ठेवायची. पुरुषांना क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. बायकांना लिंबू-चमचा आणि रांगोळी. त्या वर्षी एचआरला नव्या मॅडम आल्या होत्या, त्या म्हणाल्या, बायकांचीपण रस्सीखेच होऊ दे. पॅकिंगच्या बायका एका बाजूला, लॅब आणि कॅन्टीनच्या दुसऱ्या बाजूला. कंपनीमागचं एक शेत त्यासाठी मागून घेतलं.

नावं घ्यायला मॅडम पॅकिंगमध्ये आल्या तेव्हा मालूने सगुणाचा हात धरून वर केला होता. "हिला घ्या. ही शेवटाला उभी राहील, खांबासारखी." मालू सगुणाच्या शेजारच्या टेबलावर काम करायची, बसमध्ये शेजारी बसायची, दुपारचा डबा दोघी एकमेकींत वाटून खायच्या.

सगुणा शाळेत खो-खो खेळायची. लग्न झाल्यावर ते सगळं सुटलं, आणि सुटलं म्हणून तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी साडीवर कंपनीचा पिवळा टी-शर्ट चढवून, दोराचं टोक कमरेभोवती घेऊन ती उभी राहिली, शिट्टी झाली, आणि दोर ताणला गेला तसा तिच्या पाठीत, मांड्यांत, पोटऱ्यांत एक जोर उठला. घरी पाण्याचे हंडे वाहताना लागायचा, बॉक्स उचलताना लागायचा, तोच जोर. पण आज तो कुणाच्या कामाला जुंपलेला नव्हता. पहिला डाव पॅकिंगने सहज ओढला. सगुणा हसत होती, मोठ्याने, आणि आपण एवढ्या मोठ्याने हसतोय याचंच तिला नवल वाटत होतं.

दुसऱ्या डावात टाच सरकली आणि ती पडली.

साडी धसकटांत अडकून मांडीपर्यंत वर गेली. परकर दिसला, मांडी दिसली. कडेला उभे असलेले पुरुष आधी "अरे अरे" म्हणाले आणि मग हसले. ती घाईघाईने साडी खाली ओढायला गेली तर हाताला रक्त, साडीला रक्त, आणि कोपराला ती लाल घाण.

तेवढ्यात प्रथमोपचाराचा डबा घेऊन रघू आला. रघू स्टोअरचा सुपरवायझर. कंपनीत कुणाचा वाढदिवस असो, कुणाचा निरोप असो, माईक त्याच्याच हातात. बायका त्याला रघूदादा म्हणायच्या. तो धसकटांत गुडघे टेकून बसला, बाटलीतल्या पाण्याने तिचं कोपर धुतलं, कापसाने गुडघा पुसला.

"जरा चरचरंल हां ताई. झालं, झालं. येवढी वाघीण आमची, येवढ्याने काय होतंय?"

त्याने पट्टी लावली आणि पट्टीच्या कडेवरून अंगठा दोनदा फिरवला. सगुणाचे डोळे भरून आले. एवढ्या हसणाऱ्या लोकांत एक तरी माणूस धावून आला होता. बसमध्ये ती मालूला म्हणालीसुद्धा, "सख्खा भाऊ नाय करनार इतकं."

मालू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो ना."

घरी आली तेव्हा शिवा, तिचा नवरा, ओट्यावर बसला होता. तो वडखळ नाक्यावरून पेणपर्यंत रिक्षा चालवायचा. एरवी या वेळेला तो घरी नसायचा. त्याने तिच्या गुडघ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, पण काय झालं ते विचारलं नाही.

"खेळाला गेलतीस?"

"तुमाला कोनी सांगितला?"

शिवाने मोबाईल तिच्यापुढे धरला.

व्हिडिओ होता. वर कुठल्यातरी धांगडधिंग्याचं गाणं लावलेलं. पिवळ्या टी-शर्टांची रांग, दोर, आणि मग ती पडते. ती पडते तो भाग कुणीतरी हळू केला होता. साडी हळूहळू वर जाते, मांडी दिसते, तिथे व्हिडिओ थांबतो, मागे जातो, पुन्हा ती पडते, पुन्हा मागे, पुन्हा पडते. खाली हसणारे पिवळे चेहरे.

"सगल्या स्टँडवर हाय हा," शिवा म्हणाला. "पोरं मना दाखवतात. माझीच बायको मना दाखवतात. कशाला गेलतीस दोर ओढाला? लहान हायस?"

सगुणाने मोबाईल हातात घेतला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. बघवत नव्हतं तरी लावला, कारण गाणं संपल्यावर शेवटी काहीतरी बोलणं ऐकू आलं होतं. तिने आवाज वाढवला. गाणं थांबलं. चित्र हललं, कुणाचा तरी बूट दिसला, आणि व्हिडिओ काढणारा माणूस हसत हसत शेजारच्याला म्हणाला, "डबा दे रे तो. चल, जरा सेवा करून येतो."

मागून दोघं-तिघं खिदळले.

आवाज रघूचा होता. त्यात शंकाच नव्हती. दर कार्यक्रमाला माईकवरून ऐकलेला आवाज.

सगुणा मोरीत गेली. गुडघ्याची पट्टी तिने एका झटक्यात उपटली, त्याबरोबर जखमेची नुकती धरलेली खपलीही आली. साबण घेतला आणि गुडघा घासायला लागली. रक्त येत होतं, आग होत होती, तरी घासत राहिली. पट्टीच्या कडेवरून फिरलेला तो अंगठा तिला अजून तिथेच असल्यासारखा वाटत होता. आधी बघून घेतलं, साठवून घेतलं, आणि मग ताई म्हणून हात लावायला आला. आणि आपण त्याला भाऊ म्हणालो. तिला उलटी झाली.

बायजाबाई, तिची सासू, मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. "काय जाला गो?"

"काय नाय."

"काय नाय तं वकतेस कशाला? दिवस गेलंत?"

सगुणाने नुसती मान हलवली, तेव्हा म्हातारीने शिवाला धारेवर धरलं. त्याने आधी टाळलं. पण बायजाबाई टाळून टळणारी बाई नव्हती. "मना दाखव," ती म्हणाली, आणि चष्मा लावून, मोबाईल हातभर लांब धरून तिने तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. सगुणा मोरीतच उभी राहिली. सासूने आपली मांडी बघावी, याहून वाईट आता काय उरलं होतं.

म्हातारीने चष्मा काढला. "येवढंच?"

"येवढंच काय?" शिवा चिडला. "मांडी दिसते तिची!"

"दिसते तं दिसते. आमी मिठागरात उभा जन्म गुडघ्याच्या वर लुगडं खोसून राबलो. पाय मिठानं फुटायचं. दहा गावची मान्सं यायची-जायची. कोन थांबून हसला नाय. हसनाऱ्याला मुकादमानी फावड्यानी हानला असता." ती शिवाकडे वळली. "आनि तू काय करतोस? तुज्या मोबाईलात हा का ठेवलास?"

"मी कुठं ठेवला? आला तो."

"आला तं काढून टाक."

शिवाने मोबाईल खिशात घातला आणि बाहेर गेला. त्याने तो काढून टाकला नाही. पुढे दोन-तीन दिवसांनी सगुणाने मागीलदारी त्याला पाठमोरं बघितलं. तो मोबाईलवर वाकला होता, आणि त्या धांगडधिंग्याच्या गाण्याचा आवाज अगदी बारीक येत होता. ती घरात आली आणि तिने आपली वाकळ सासूच्या खोलीत नेऊन टाकली. शिवाने विचारलं तेव्हा म्हणाली, "गुडघा दुखतो, पाय पसराला जागा लागते."

कंपनीत दुसऱ्याच दिवशी तिला कळून चुकलं होतं की व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. बसमध्ये चढली तसं बोलणं थांबलं. गेटवरचा वॉचमन, जो कधी मान वर करायचा नाही, त्याने मान वर केली आणि आधी तिच्या पायांकडे बघितलं. स्टोअरच्या दाराशी रघू उभा होता. "काय ताई, गुडघा कसा आहे? ड्रेसिंग बदलायचं का?" तोच मऊ आवाज. सगुणाच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. ती तशीच पुढे गेली.

दुपारी मालूने डबा उघडला. वालाचं बिरडं होतं, सगुणाच्या आवडीचं. मालूने नेहमीसारखं झाकणात काढून तिच्यापुढे सरकवलं.

"मालू," सगुणा म्हणाली, "वडखळच्या स्टँडवर तो व्हिडिओ कसा गेला? कंपनीतलं कोनी तिकडचं नाय. तू आनि मीच."

मालूचा घास हातात थांबला. "मला काय ठाव?"

"तुझा भाऊ तिथं रिक्षा लावतो."

मालूने घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, "मी फक्त आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. कंपनीच्या ग्रुपवर आला होता, सगळेच टाकत होते. आणि त्यात मीपण आहे ना गो. माझा तेवढा एकच व्हिडिओ चांगला आलाय. तू पडलीस तरी मी दोर सोडला नाय, ते दिसतं त्यात. दादाला दाखवायचा होता. त्यानं पुढं पाठवला त्याला मी काय करू?"

ती खोटं बोलत नव्हती, हे सगुणाला कळत होतं. तेच जास्त किळसवाणं होतं. मालूला खरंच त्या व्हिडिओत फक्त मालू दिसली होती. सगुणाने झाकण परत सरकवलं.

"अगं, खा की. मी वाईट हेतूनं नाय..."

"घशाखाली जात नाय," सगुणा म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

ती एचआरच्या मॅडमकडे गेली. मॅडमने दार लावून घेतलं, बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा सगुणाताई, वाईट झालं. मी ग्रुपवरून काढायला सांगते. पण आता तुम्ही जेवढं ताणाल तेवढं ते पसरेल. खेळात पडणं-झडणं चालतंच. रघू थोडी मस्करी करतो, पण मनाने चांगला आहे, पहिला तोच धावला ना? खिलाडूवृत्ती ठेवा." आणि थोडं थांबून, "रविवारी बक्षीस समारंभ आहे. उत्कृष्ट महिला खेळाडू म्हणून तुमचं नाव मीच सुचवलंय."

खिलाडूवृत्ती. सगुणाला तो शब्द तोंडात शिळं काहीतरी आल्यासारखा वाटला. ती बाहेर आली. गुडघ्यावरची खपली पुन्हा फुटली होती आणि साडीला चिकटत होती. चालताना दर पावलाला साडी जखमेवरून सुटायची आणि पुन्हा बसायची.

रविवारी कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. समोर स्टेजवर जनरल मॅनेजर, मॅडम, आणि माईकवर रघू. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. कबड्डीवाल्यांची नावं झाली, क्रिकेटवाल्यांची झाली. ज्याच्या खांद्याला पट्टा होता, ज्याच्या बोटाला प्लास्टर होतं, त्याच्या त्याच्या दुखापतीवर रघू एकेक विनोद करत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग मॅनेजरने माईक स्वतःकडे घेतला आणि म्हणाला, "एक बक्षीस आम्ही आयत्या वेळी ठरवलं. खेळात कोण लागून पडलं तर सगळ्यात आधी धावून जाणारा माणूस. सेवाभावी सहकारी. आपले रघूशेठ!"

टाळ्या. शिट्ट्या. रघूने छातीशी हात जोडले, बक्षिसाचा थर्मास घेतला, फोटोसाठी थांबला.

"आणि आता," तो पुन्हा माईकवर आला, "उत्कृष्ट महिला खेळाडू. जिने पॅकिंगची लाज राखली..." इथे त्याने थोडा श्वास घेतला आणि मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी "लाज!" म्हणून ओरडलं. हशा झाला. रघूही हसला, मान खाली घालून, नको नको असं हाताने करत. "सगुणाताई म्हात्रे!"

सगुणा उठली. वर जाऊन काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. बक्षीस घ्यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं, आणि त्यासाठी यायचंच नाही असंही ठरवलं होतं. पण सासूने सकाळी विचारलं, "तू का दडतेस?" म्हणून ती आली होती. स्टेजवर चढताना गुडघा वाकला तशी कळ आली. मॅनेजरने कप पुढे केला. ती त्याच्यासमोरून गेली आणि रघूपुढे उभी राहिली.

"माईक द्या."

"अरे वा, ताई बोलणार!" रघूने माईक दिला.

तिने पिशवीतून मोबाईल काढला. व्हिडिओ लावला, पडदा आपल्याकडे ठेवला आणि मोबाईल माईकला लावला. कॅन्टीनभर ते धांगडधिंग्याचं गाणं वाजलं. ओळखीचं गाणं. लोक हसायला लागले, कुणी टाळ्यांचा ठेका धरला, मागच्या पोरांनी "वन्स मोर" केलं. मॅडम अर्ध्या उठल्या. सगुणाने हात हलवला नाही.

गाणं संपलं. लाऊडस्पीकरमधून रघूचा आवाज आला, खोलीत रघू स्वतः बोलत असावा इतका स्वच्छ.

"डबा दे रे तो. चल, जरा सेवा करून येतो."

आणि ते खिदळणं.

ठेका थांबला. कुणीतरी खोकलं. सगुणा माईकमध्ये म्हणाली, "तुमी माझा गुडघा पुसलात तवा मी तुमाला भाऊ बोलली. मना माझीच किळस येते." तिला अजून बोलायचं होतं. पण या लोकांसमोर रडायचं नाही एवढं तिला कळत होतं. तिने माईक टेबलावर ठेवला. कपाला हात न लावता ती खाली उतरली.

रघू म्हणाला, "ताई, गैरसमज होतोय, गंमतीत..." त्याचा माईक आता टेबलावर होता, त्यामुळे ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आलं. मॅनेजर चहाच्या कपात बघत होता. मागे एक जण अजून हसत होता. शेजारच्याने त्याला कोपर मारलं, तरी हसत होता.

रघूला कुणी काढलं नाही. त्याला दुसऱ्या शिफ्टला टाकलं, आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिल्या शिफ्टला आणलं. कंपनीच्या ग्रुपवर त्याने जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास" असं लिहिलं. त्यावरही दोघांनी हसरे चेहरे टाकले. सगुणा ग्रुपमधून बाहेर पडली. कॅन्टीनच्या दोघी-तिघी मात्र येऊन तिच्याजवळ बसायला लागल्या. त्यातली जनी, जी रस्सीखेचीत तिच्या विरुद्ध बाजूला होती, एकदा म्हणाली, "तू पडलीस तवा मीपण हसली होती. आमी जिंकलो म्हनून." सगुणाने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. हे निदान तोंडावर सांगितलं होतं.

मालू बसमध्ये शेजारी बसायची. बोलायच्या दोघी, पगाराचं, पावसाचं, पोरांच्या शाळेचं. डबा वेगळा.

वाकळ सासूच्या खोलीतच राहिली. एक दिवस शिवाने मोबाईल तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "बघ, काढला." तिने बघितलं नाही. "तुमाला काढावासा वाटला तं काढलात," एवढंच म्हणाली.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा खेळ आले. कंपनीमागच्या शेतात पुरुषांची रस्सीखेच होती, मोठा दोर, मोठा आरडाओरडा. बायकांच्या खेळांचा कागद मॅडमने पॅकिंगच्या दाराला लावला. त्यात रस्सीखेच नव्हती.

"सेफ्टीचा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी दुखापत झाली, त्रास झाला. तुमच्याचसाठी बदललंय."

सगुणाने नाव दिलं नाही. दुपारी बायका कॅन्टीनमध्ये खेळत होत्या, त्यांचं गाणं पॅकिंगपर्यंत ऐकू येत होतं. ती मशीनपाशी एकटी उभी राहून बॉक्सला पट्ट्या मारत होती. जनी येऊन म्हणाली, "चल ना गो." सगुणा म्हणाली, "तू जा. मना ओढायचा होता."

घरी आली तेव्हा बायजाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती.

"आज खेळ नवता?"

"होता."

"मंग दोर ओढलास?"

"दोर नाय या वर्षी. संगीत खुर्ची."

"म्हंजे काय?"

"खुर्च्या मांडतात. गाणं लावतात, आनि बायकांनी त्यांच्याभवती फिरायचं. गाणं थांबलं का पटकन बसायचं."

"आनि?"

"जी बसली ती जिंकली."

बायजाबाईने सूप खाली ठेवलं. सून थट्टा करतेय का, म्हणून तिचं तोंड निरखलं.

"बसून?" ती म्हणाली.